थेंबाची खूण

टँकरचा भोंगा ऐकून गीताबाई नळी घेऊन फाटकात उभ्या राहिल्या. टँकर आला, त्यांच्यासमोरून ठिबकत ठिबकत पुढं गेला आणि सरळ पुढच्या गल्लीत वळला. गीताबाईंनी नळी तिथंच टाकली आणि चपला न घालता मागं धावल्या.

"कडुबा, आमचं घर दिसलं नाय का तुला?"

कडुबा दुसऱ्या एका बंगल्याच्या हौदात नळी सोडत होता. "दिसलं ना सिस्टर. पण तुमचा नंबर आला नाय. हिमांशू सायब सकाळी जेवढ्या घरांचे नंबर धाडतेत, तेवढीच मी भरतो."

"अरे, मी सगळ्यांच्या आधी लिहिलंय ग्रुपवर!"

"ते मला काय ठावं? सायबाला विचारा."

गीताबाईंची सारी नोकरी नर्स म्हणून गेली होती, त्यातली बरीच वर्षं पिशोरला. तिथली माणसं अजूनही भेटली तर सिस्टर म्हणत, आणि पिशोरकडचाच असल्यामुळं कडुबाही तसंच म्हणे. निवृत्त झाल्यावर त्यांनी बीड बायपासच्या पलीकडं, एका नव्या कॉलनीत छोटं घर बांधलं. तेव्हा तिथं कापसाची शेतं होती. बघता बघता शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटवर बंगले झाले, बंगल्यांमागं चार मजली इमारती उठल्या. शहर आलं, पण शहराची पाइपलाइन काही आली नाही. बोअर होते, ते एकामागून एक कोरडे पडत गेले. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला आणि कॉलनीचा सगळा भार टँकरवर आला.

पूर्वी कॉलनीचे वॉचमन सर्जेराव सायकलवरून घरोघर विचारत यायचे, "पाणी लागतंय का?" मग कमिटीत हिमांशू आला. पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करणारा, हुशार, तरतरीत मुलगा. त्यानं व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला आणि सर्जेरावांची फेरी बंद केली. ज्याला पाणी हवं त्यानं सकाळी ग्रुपवर आपला घर नंबर आणि पुढं पाण्याच्या थेंबाचा इमोजी टाकायचा, बस्स. काम सोपं झालं म्हणून लोकांनी टाळ्यांच्या इमोजींचा पाऊस पाडला होता.

गीताबाई तशाच हिमांशूच्या दारात गेल्या. तो कानाला हेडफोन लावून बाहेर आला.

"काकू, तुमच्या मेसेजमध्ये थेंब नव्हता."

"थेंब नव्हता म्हणजे? 'पाणी संपलं आहे, टँकर पाठवा' असं मराठीत लिहिलंय मी. वाचता येतं ना तुला?"

"येतं हो. पण ग्रुपवर दिवसाला शेकडो मेसेज पडतात. ते वाचत बसलो तर माझी नोकरी जाईल. मी लॅपटॉपवर फक्त थेंब शोधतो. तेवढीच घरं समोर येतात. तुम्ही पण शिकून घ्या ना, दोन सेकंदांचं काम आहे."

"मग ह्या फेरीचं पाणी?"

"आता परवा, काकू. प्लीज. माझी मीटिंग चालू आहे."

दार लागलं. गीताबाईंचे कान तापले. पेशंटला बोलता येत नसलं तरी त्याच्या ओठांकडं बघून पाणी पाजणाऱ्या त्या. आणि इथं धडधडीत शब्दांत मागितलं तरी पाणी नाही, कारण चित्र काढलं नाही!

घरी येऊन त्यांनी फोन हातात घेतला आणि चष्मा पुसला. अक्षरांच्या खालच्या ओळीत हसऱ्या चेहऱ्याचं बटण होतं, ते आजवर त्यांनी कधी दाबलं नव्हतं. दाबलं तर पिवळे चेहरेच चेहरे. हसणारे, रडणारे, डोळे मारणारे, जीभ काढणारे. बोटानं वर सरकवत राहिल्या. माकडं गेली, फुलं गेली, कलिंगड, केक, विमान, फुटबॉल. जगातली सगळी चैन तिथं होती, पाणी काही सापडेना. शेवटी निळे थेंब दिसले. एका थेंबाच्या जागी तीन मिळाले म्हणून गीताबाईंना जरा बरंच वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्याबरोबर त्यांनी घर नंबर लिहिला, पुढं ते तीन थेंब टाकले आणि टाकीचं झाकण उघडून बसल्या.

टँकर पुन्हा समोरून निघून गेला.

ह्या वेळी गीताबाईंनी फोनच लावला. हिमांशूनं तो उचलला. "काकू, ते पाणी नाही. ते उडणाऱ्या घामाचे थेंब आहेत. पाण्याचा थेंब एकटा असतो, वेगळा असतो. माझ्या सर्चमध्ये तुमचे थेंब येतच नाहीत."

"घाम?" गीताबाई ओरडल्याच. "अरे, घर नंबर आहे, निळे थेंब आहेत, टँकरचा दिवस आहे. मी घाम कशाला मागीन तुझ्याकडं?"

तो हसला. त्याचा तसा काही वाईट हेतू नसेल, पण हसला. गीताबाईंनी फोन ठेवला आणि मागच्या गल्लीत मुक्ताबाईंकडं निघाल्या.

गंगापूरकडून आलेल्या मुक्ताबाई मागच्या गल्लीत पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत. मुलगा वाळूजला कंपनीत, सून नुकतीच बाळंत झालेली. गेले काही दिवस त्या रोज एक कॅन घेऊन गीताबाईंकडं यायच्या, आणि गीताबाई त्यांना आपल्या टाकीतलं पाणी देत. म्हणून तर त्यांची टाकी इतक्या लवकर तळाला गेली होती.

"मुक्ता, तुम्ही ग्रुपवर टँकर मागता का नाय?"

"मागते की ताई. मला लिहाया येत नाय, म्हणून पोरानं बटण दाबून बोलायचं शिकवलंय. बोलते रोज."

"आणि टँकर?"

"नाय आला अजून. मोठी मानसं हायेत, त्यांना कामं असत्यात. येईल."

ग्रुपवरच्या त्या आवाजाच्या पट्ट्या गीताबाईंनीही पाहिल्या होत्या. कुणीतरी भजन धाडलं असेल असं समजून सोडून दिल्या होत्या. स्वतःचा संताप त्यांनी गिळला आणि मुक्ताबाईंचा हात धरला. "चला माझ्यासंगं."

"कुठं?"

"लॅपटॉप बघायला."

दार हिमांशूच्या आईनं, सरोजिनीबाईंनी उघडलं. गीताबाई सरळ हिमांशूच्या टेबलापाशी गेल्या. तो दचकून उठला, त्यानं त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"आधी मला सांग, ह्या यंत्रावर तो थेंब कसा काढतोस?"

"सोपं आहे काकू. हे खिडकीचं चिन्ह असलेलं बटण दाबून धरायचं आणि टिंबाचं बटण दाबायचं. बघा, सगळे इमोजी आले. इथं नाव टाइप केलं की हवा तो मिळतो." त्यानं थेंब उचलला आणि ग्रुपच्या शोधायच्या चौकटीत टाकला. घर नंबरांची रांग उभी राहिली. सगळे बंगले, सगळ्या इमारती. मागच्या गल्लीतलं एकही घर नाही.

"छान. आता तो थेंब पूस. तिथं 'पाणी' लिही."

"काकू, त्यात हजार फॉरवर्ड येतील. पाणी वाचवा, पाणी हेच जीवन..."

"येऊ दे. लिही."

त्यानं लिहिलं. फॉरवर्ड आलेच, खूप आले. पण त्यांच्यामधून दुसरंही वर येऊ लागलं. "पाणी नाही दोन फेऱ्या झाल्या." "साहेब पाणी कधी येनार." "आमच्याकडे पाणी आले नाही कृपया लक्ष द्यावे." हिमांशू खाली सरकवत राहिला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. तेच तेच नंबर होते, मागच्या गल्लीचे.

"आता मुक्ताबाईंचा आवाज लाव."

"कुठला आवाज?"

"रोज धाडतात त्या. उघडून बघायला तुला वेळ झाला नसेल."

त्यानं एक पट्टी दाबली. खोलीत मुक्ताबाईंचा अदबीनं दबलेला आवाज घुमला. "दादा, आमच्या गल्लीला आज बी पानी नाय आलं. सून बाळंतीण हाय. लेकराचे कपडे धुवायचेत. येवढं बघा, दादा. नमस्कार." आपलाच आवाज ऐकून मुक्ताबाई पदरात तोंड लपवून उभ्या राहिल्या. स्वयंपाकघराच्या दारात सरोजिनीबाईंनी पोळपाट खाली ठेवला.

"हिमांशू," त्या म्हणाल्या, "आपल्या अंगणातल्या झाडांना काल पाइपनं पाणी घातलंस ना रे तू?"

मुक्ताबाईंकडं न बघताच हिमांशू पुटपुटला, "सॉरी मावशी. खरंच लक्षात आलं नाही."

"जाऊ द्या ना दादा," मुक्ताबाई घाईनं म्हणाल्या. "तुमी तरी किती बघनार?"

"का जाऊ द्यायचं?" गीताबाई त्यांच्यावरच कडाडल्या. "बाळंतिणीच्या घरी पाणी नाय आणि तुम्ही ह्यालाच समजावता? जाऊ द्या, जाऊ द्या म्हणतच तर तुमच्या गल्लीसमोरून टँकर तसेच पुढं गेले!" मग त्या हिमांशूकडं वळल्या. "आत्ता कडुबाला फोन लाव. मागची गल्ली आधी भरायची. आणि मला ॲडमिन कर."

"तुम्हाला?"

"मला. तुला वाचायला वेळ नाय, मला आहे."

त्यानं निमूटपणे दोन्ही कामं केली. टँकर संध्याकाळी मागच्या गल्लीत शिरला, तेव्हा कडुबा भोंगा वाजवतच आला आणि बायका पिंपं ओढत बाहेर धावल्या.

दुसऱ्या सकाळी गीताबाईंनी ग्रुपवर लिहिलं, "आजपासून पाणी कुणीही, कसंही मागावं. लिहून, बोलून, खूण टाकून. ज्याच्याकडं फोन नाही त्याच्याकडं सर्जेराव येतील." त्यावर अंगठे आले, फुलं आली, टाळ्या आल्या. मग त्यांनी आणखी एक ओळ लिहिली, "मागच्या गल्लीला इतके दिवस पाणी नव्हतं, हे आपल्यापैकी कुणालाच कसं दिसलं नाही?"

त्या वाट बघत बसल्या. खूप वेळानं कुणीतरी जोडलेले हात टाकले. पाठोपाठ दुसऱ्यानं टाकले, तिसऱ्यानं टाकले. शब्द एकाचाही आला नाही. गीताबाईंनी फोन पलंगावर फेकला, चपला घातल्या आणि सर्जेरावांना बरोबर घेऊन, तोच प्रश्न समोरासमोर विचारायला, पहिल्या बंगल्याची बेल दाबली.