अख्खा व्हिडिओ

सोमवारपासून अबोलीचं डोकं ठिकाणावर नव्हतं. वर्गात बसली तरी पाय हलत राहायचे, जेवायला बसली तरी घास तोंडात फिरत राहायचा. आष्ट्यात जो तो तीच क्लिप बघत होता. पानटपरीवर, बँकेच्या रांगेत, अगदी पिठाच्या गिरणीतसुद्धा. नववीतला धवल, म्हणजे अबोलीचा धाकटा भाऊ, शाळेच्या मैदानावर उताणा पडलाय आणि त्याच्याच वर्गातला मल्हार गुडघे टेकून त्याच्या नाकाला चप्पल लावतोय, एवढंच त्यात होतं. बारावीच्या कुणीतरी वरच्या गॅलरीतून चोरून काढलेली; नाव कुणी सांगेना. खाली लिहिलेलं, 'शाळेत चाललंय काय?'

शाळेत चाललं होतं ते भलतंच, आणि ते अबोलीला पक्कं ठाऊक होतं.

धवलला पावसाळ्यापासून झटके येत होते. घरात त्याला चक्कर म्हणायचं असं ठरलं होतं. धवललाही तेच सांगितलेलं. शुद्धीवर आल्यावर त्याला काही आठवायचंच नाही, त्यामुळे ते खपूनही गेलं. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी व्हिडिओ काढा, हातपाय कसे जातात ते मला बघू दे. मग क्षमाताईंनी, म्हणजे आईनं, आपला जुना फोन अबोलीच्या दप्तरात तळाशी सरकवला. शाळेत फोनला सक्त मनाई होती. सापडला तर वार्षिक परीक्षेपर्यंत ऑफिसच्या कपाटात, आणि शूटिंग करताना सापडलं तर थेट दाखला हातात. तरी सरकवला.

क्लिप निघाली त्या संध्याकाळी खो-खोचा सराव संपून मैदान रिकामं झालं होतं. अबोली भावाला न्यायला गेली आणि तिच्या डोळ्यांदेखत तो कोसळला. तिनं फोन काढला. मल्हार नळावर पाणी पीत होता, तो धावत आला. त्याचं गाव जतकडचं. आईबाप मेंढरांमागं मुलूख फिरायचे आणि पोरगा इथं वसतिगृहात. त्यांच्यात कुणाला फेफरं आलं की पायताण हुंगवतात, बाकी औषध नाही. त्यानं आधी धवलच्या डोक्याजवळचा दगड उचलून लांब फेकला, मग पायातली चप्पल काढून नाकाशी धरली. गॅलरीतला पोरगा कठड्याशी आला तो नेमका तेव्हा, आणि अबोली त्याच्या चौकटीबाहेर राहिली. धवलचे हातपाय तोवर थांबले होते.

मल्हारनं हेडसरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ''सर, त्येला फेफरं आलं हुतं.'' सरांनी क्षमाताईंना बोलावून विचारलं. क्षमाताई ताठ उभ्या राहून म्हणाल्या, ''माझ्या मुलाला असलं काही नाही.'' झालं. गावातली पोरं एका बाजूला, वसतिगृहातली दुसऱ्या बाजूला. पालक येऊन टेबल बडवून गेले. गुरुवारी मल्हारच्या वडिलांना बोलावून दाखला द्यायचा, असं ठरलं.

''आई, व्हिडिओ दाखवू या ना,'' अबोली बुधवारी म्हणाली.

''डॉक्टरांनी बघितला, संपलं. पुसून टाक तो.'' क्षमाताई भाजी निवडत होत्या. ''एकदा शब्द लागला की जन्मभर मागे राहतो, अबोली. उद्या कॉलेज आहे, नोकरी आहे, लग्न आहे.''

''आणि मल्हार?''

''त्याला दुसरी शाळा मिळेल.'' आणि त्यांनी निवडलेली भाजीच पुन्हा निवडायला घेतली.

अबोलीनं तरी जोर कुठे लावला? एकदा विचारलं आणि गप्प बसली. त्या व्हिडिओत मल्हारचा आवाज होता, ''आगं ताई, फोन ठिव की. डोकं धर त्येचं.'' जरा वेळानं पुन्हा तेच. आणि फोन जागचा हलला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून हलला नाही, असं ती स्वतःला शंभरदा सांगून चुकली होती. खरं तर ती घाबरली होती, भावाला हात लावायला. ते कुणी ऐकू नये, धवलनं तर नाहीच नाही. आईचा नकार तिला आयता मिळाला होता आणि त्याचीच तिला लाज वाटत होती.

धवल घरात धुमसत होता. ''मी त्याला माझ्या डब्यातलं द्यायचो. आणि त्यानं माझ्या तोंडाला चप्पल लावली.''

गुरुवारी मल्हारचे वडील, धनाजी, मेंढरं कराडकडे कुणाच्या रानात बसवून एसटीनं आले. पायताण ऑफिसच्या बाहेर काढून आत उभे राहिले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. आत क्षमाताई होत्या, धवल होता, मान खाली घातलेला मल्हार होता. अबोली वर्ग सोडून दाराशी आली होती. फोन दप्तरात होता. पुसायचं तिच्यानं झालं नव्हतं.

''आमी असंच करतो वं, सर,'' धनाजी म्हणाले. ''माझ्या सख्ख्या भावाला मी कितींदा हुंगवलं हाय. त्यात वंगाळ काय आसतं, आमाला ठावं न्हाई.''

''तिथं आणखी कोण होतं, मल्हार?'' सरांनी पुन्हा विचारलं. ''एक नाव सांग.''

मल्हारनं दाराकडे पाहिलं, अबोलीकडे. शूटिंगचा नियम त्यालाही माहीत होता.

''कुनी नव्हतं,'' तो म्हणाला.

सरांनी दाखला पुढं सरकवला. धनाजींनी तो घेतला नाही. ते धवलसमोर गेले आणि वाकले. ''पोराची चूक झाली आसंल तर मी पाया पडतो, बाळा. पर त्येची शाळा सोडवू नगा.''

अबोलीला ते बघवेना. ती आत शिरली. ''काका, थांबा. मी होते तिथं.'' तिनं फोन टेबलावर ठेवला आणि व्हिडिओ लावला.

''अबोली,'' क्षमाताई हळूच म्हणाल्या.

सगळ्यांनी पाहिलं. धवल पडला, त्याचे हातपाय झाडले जाऊ लागले, तोंडाला फेस आला. मल्हार आला, दगड लांब गेला, मग चप्पल. आणि तो आवाज, दोन्ही वेळा. धवलनं फोन हातात घेतला आणि पहिल्यापासून पुन्हा बघितला.

''ही चक्कर आहे, आई?'' त्यानं विचारलं. क्षमाताईंनी त्याच्या हातातला फोन घेऊन टेबलावर पालथा ठेवला.

सरांनी दाखला उचलून फाडला. फोन मात्र कपाटात ठेवला. ''शूटिंगचाही नियम आहे, अबोली. त्याचं बघावं लागेल.''

''हो, सर.''

बाहेर व्हरांड्यात धवल मल्हारजवळ गेला. ''माझ्या बाकावर बसशील?''

''बसतो की. पर चप्पल लावू का नगं, ते डॉक्टरला इचारून सांग,'' मल्हार म्हणाला.

धवल हसला. मग मागं वळून त्यानं अबोलीकडे पाहिलं, आणि हसू गेलं.

''ताई, तो दोनदा म्हणाला तुला.''

''ऐकलं होतं मी,'' अबोली म्हणाली.