वाघरीतली कोकरं

चुडाव्याहून निघालेलं बिऱ्हाड मुक्काम करत करत राणीसावरगावच्या डोंगरावर पोचलं. पुढं निजाम सरकारचं राखीव रान. त्यातल्या चराईचा गुत्ता, म्हंजी ठेका, व्यंकटरावाचा, अन् त्यानं निरोप धाडून बोलावलं होतं, म्हणून म्हातारा सटवाजी बिनघोर होता. पोरगा मल्हारीनं घोड्यावरचं सामान उतरवलं. सून केवळानं चूल मांडली अन् जाळीची वाघर ठोकून त्यात कोकरं कोंडली.

कोकरं वाघरीत, मेंढ्या रानात, असा रोजचा रिवाज. सांजंला वाघर सोडली की कोकरं गलका करायची. मग मेंढ्या अशा उधळायच्या की मधी बैल जरी आला तरी तुडवतील.

एका दुपारी व्यंकटरावाचा माणूस आश्रुबा आला. संगं तिघं. एकाकडं बंदूक, दोघांकडं कुऱ्हाडी.

"म्हातारबा, मेंढ्या खाली घाटात घ्या. मालकाचा हुकूम हाय."

"मेंढ्या आमच्या, हुकूम त्याचा कसा?"

"रान मालकाचं. त्यात चरलेलं मटण बी मालकाचं."

सटवाजी हसला. "तू बी त्याच्याच रानात खाऊन माजलास की. तुला कवा कापायलेत?"

एकाच्या कुऱ्हाडीचा बोथट तुंबा त्याच्या डोक्यात बसला. फेटा तसाच राहिला, त्याच्याखालून रक्त दाढीत उतरलं. म्हातारा बसल्या जागी आडवा झाला. केवळा चुलीपासून धावत त्याच्यापाशी आली. कुत्रं धावलं, त्याला गोळी घातली. मल्हारी काठी घेऊन उठला तर तिघांनी त्याला तोंड फुटंस्तोवर हाणलं.

जिवं मारलं मात्र न्हाई. मेंढ्या परक्याच्या मागं चालत न्हाईत. त्याचे हात पुढं बांधले अन् दोरीचं टोक आश्रुबानं आपल्या मनगटाला गुंडाळलं.

"कोकरं अन् बाई ऱ्हाऊ द्या हितंच," आश्रुबा म्हणला. "चालायला कटकट. उद्या टोपल्यात नेऊ."

मल्हारीनं एकवार वाघरीकडं बघितलं अन् चालू लागला.

घाटाची वाट अरुंद. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. मल्हारी अन् आश्रुबा पुढं, मागं कळप, अन् कळपाच्या मधी मधी ते तिघं. निम्म्या वाटंवर दिवस बुडायला आला. मेंढ्या माना वळवायला लागल्या. मल्हारीनं पाय जड केले.

"चल की रे! बायकोची सय यायलीय का?"

"व्हय. एक हाक मारू का?"

"मार, मार. आमाला बी ऐकू दे." तिघं फिदीफिदी हसले.

मल्हारीनं वर तोंड केलं. "केवळे! वाघर सोड!"

वर केवळा वाघरीच्या खुंटीपाशी गेली. नवरा वाटंवर हाय, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच तिचा हात उठत नव्हता.

"माझं बघू नगंस! बा हाय का गं?"

वरून आवाज आला.

"न्हाई!"

अन् त्याच्या मागून कोकरांचा गलका.

समदा कळप जागच्या जागी फिरला. कुऱ्हाडवाला एक मेंढ्यांच्या पायाखाली गेला, उठलाच न्हाई. बंदूकवाला दरीत गेला, त्याच्यावर चार मेंढ्या पडल्या. तिसरा त्याच्या मागनं गेला, ओरडला बी न्हाई. समद्यात पुढं असलेल्या एडक्यानं बिथरून माघारी वळताना आश्रुबाला कडेवरून ढकललं. मल्हारीला हिसका बसला. तो पालथा पडून फरफटला, पण दगडाला पाय अडकले. आश्रुबा दोरीला लोंबकळत होता.

"मल्हारी, वढ रे! लेकरं हायती मला!"

"वढतो," मल्हारी म्हणला. अन् कडेच्या धारदार दगडावर दोरी घासायला लागला.

आश्रुबा खालून शिव्या देत होता, मग आयला हाका मारत होता. मल्हारीचं मनगट सोललं, दोरी रक्तानं निसरडी झाली. तो घासतच राहिला. तुटली तवा खालून आवाज यायला लय येळ लागला.

तळावर मेंढ्या कोकरांना पाजत होत्या. ज्यांच्या आया दरीत गेल्या ती कोकरं दिसंल त्या मेंढीला ढुसण्या मारत होती. केवळानं लोकरीच्या कातरीनं मल्हारीचे हात मोकळे केले.

"लय हाणलं का हो?"

"उजाडायच्या आत डोंगर वलांडायचा. व्यंकटरावाची माणसं येतील."

दोघांनी घोड्यावर सटवाजीला आडवं बांधलं. भांडी, जातं, गोधड्या तिथंच सोडल्या. केवळानं बिनआईची कोकरं पदरात घेतली, अन् बिऱ्हाड निघालं.