चिरेचा तळ

पोलादाला वाचा फुटावी तसा तो आवाज असे. तांब्याचा मुलामा दिलेली कार्बनची कांडी साळव्यांच्या हातात पेटली, की वारज्यापलीकडच्या आमच्या शेडचे पत्रे थरथरत, वैशाखातले भर दुपारचे ऊन फिके पडे, आणि वितळलेल्या धातूला हवेचा झोत असा उधळून लावी, की एखादा गुलमोहर एका क्षणात फुलून त्याच क्षणी झडल्यासारखा वाटे. वेल्डिंगच्या पोटात दडलेली चीर उकरून काढणे हे त्यांचे काम. ती कुठे आहे हे खडूने दाखवणे माझे. धातू जोडणारे मी पुष्कळ पाहिले. काढणारा असा एकच.

झोत थांबला की ते तोंडावरची काच वर करीत, मान तिरपी करून खाचेत पाहत. तळाशी केसाएवढी काळी रेघ दिसे.

"अजून आहे, मॅडम."

"पुरे की आता, साळवे. संध्याकाळी गाडी भरायचीय."

"भरा की. चीरही बसेल तीत."

ती रेघ विरून तळ चांदीसारखा लखलखेपर्यंत त्यांचा हात खाली येत नसे.

या कामाने कान जातात. कानांत बोळे, वरून टोप, तरी जातात. वर्षातून एकदा सगळ्यांची श्रवणचाचणी होई. कामगार काचेच्या खोलीत बसे, सूर ऐकू आला की बोट वर करी. यंत्र चालवणाऱ्याच्या मागे मी उभी असे. सूर सुटला की यंत्रावर हिरवा दिवा लागे, तो मला दिसे. एका वर्षी दिवा लागत राहिला, विझत राहिला, आणि मोठे सूर सोडले तर साळव्यांचे बोट मांडीवर निपचित पडून होते. काचेतून त्यांनी माझ्याकडे पाहिले. नापास झाले तर कांडी सुटणार, स्टोअरमध्ये बसावे लागणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. पुढचा दिवा लागला, आणि मी पापणी मिटली.

बोट वर झाले.

"उपकार झाले, मॅडम," बाहेर येऊन ते म्हणाले. तो शब्द मी ठेवून घेतला. पुढच्या वर्षीही पापणी मिटली.

आज त्यांच्याभोवती हिवाळ्यातल्या पहाटेसारखी निःशब्दता आहे. घरची माणसे त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलतात. नात त्या शांततेतच बोलायला शिकली. त्यांनी तिचे फक्त ओठ हलताना पाहिले. गेल्या रविवारी मी गेले आणि तिची पाटी मागून घेतली. इतक्या वर्षांनी खडू हातात आला.

'तुमच्या भल्यासाठी नव्हतं. माल वेळेवर जावा म्हणून पापणी मिटली.'

त्यांनी पाटी उजेडाकडे तिरपी केली, मान वाकवली. खाचेत पाहत तसे पाहिले.

"अजून आहे," ते म्हणाले.

मी पुसले. लिहिले: 'दुसऱ्या वर्षी तुम्हाला एकही सूर ऐकू आला नव्हता. मला कळलं होतं.'

"अजून."

मी पुन्हा पुसले, लिहिले: 'पहिल्याच वर्षी यंत्रवाले म्हणाले होते, ज्याचं ऐकणं कमी होतंय त्याला आवाजातून काढा, उरलेलं टिकतं. मी ते ऐकलं होतं.'

त्यांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला नाही, पुसलीही नाहीत.

"आता दिसला तळ." मग पाटी माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "चहा ठेवलाय सुनेनं. घेऊन जा."

क्षमा केली नाही. खणलेली खाच भरणे हे त्यांचे काम कधीच नव्हते.

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. उतरत्या उन्हात पाठमोरे, कांडी नसलेली बोटे अर्धवट मिटलेली. दारातून नातीने हाक मारली, "आजोबाऽ!" मान वळली ती माझी. तेव्हापासून ती हाक माझ्याजवळ आहे. दिवस तिच्यावरून सरकतात, ती झिजत नाही, आणि जिच्यावर माझा काही हक्क नाही अशी ती एकच गोष्ट मला रोज स्पष्ट ऐकू येते.