अडीच मिलिमीटरची गोलाई

मिस्टर ऑग्डनच्या हातात काठी होती आणि काठीच्या टोकाला माणसाच्या डोक्याहून जरा लहान असा गोळा. गाडीच्या आत हा गोळा जिथे जिथे टेकेल, तिथली कड अडीच मिलिमीटर तरी गोल हवी. कुणाचं डोकं आपटलंच तर फुटता कामा नये. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर या गोळ्याची मर्जी सांभाळावीच लागते. हेझल बर्टविसलला ती दोनदा सांभाळता आली नव्हती.

पहिल्या खेपेला बाहेरचे नट टोकदार निघाले. दुसऱ्या खेपेला वळण संपल्यावर स्टीअरिंग आपणहून सरळ होईना. आज तिसरी खेप, आणि याही खेपेला तपासणीच्या आवाराबाहेर गाड्यांच्या क्लबातल्या ट्रेव्हरचा ट्रेलर उभा होता. गाडी त्यावरूनच आली होती. पण आज नापास झाली तर त्यावरूनच ट्रेव्हरच्या घरी जाणार होती, कायमची.

हा सौदा हेझलच्या नवऱ्याने, क्लाइव्हने, रविवारी परस्पर करून टाकला होता. क्लाइव्ह जन्मभर बसगाड्यांचा मेकॅनिक. निवृत्त झाल्यावर त्याने खोक्यांतून सुट्या भागांची ही दोन सीटांची गाडी मागवली, सांगाडा उभा केला, आणि एका सकाळी त्याची उजवी बाजू लुळी पडली. तेव्हापासून तो गॅरेजमध्ये खुर्चीत बसायचा आणि डाव्या हाताने दाखवायचा. पाना हेझलच्या हातात. चौतीस वर्षं कारखान्यात सोफ्याची कव्हरं शिवलेली बाई. पहिले सहा महिने दोघं इतके भांडले, की शेजारच्यांनी टीव्ही बघणं सोडलं असावं.

"तुला या थंडीत गाडीखाली फरशीवर झोपलेली बघवत नाही मला," क्लाइव्ह रविवारी म्हणाला होता. "आता नापास झाली तर बास. ट्रेव्हर घेतोय."

हेझल "बरं" म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली. पण तिला ते मुळीच बरं वाटलं नव्हतं. ही गाडी सुरुवातीला त्याची होती, खरं आहे. पण ब्रेकची नळी स्वतःच्या हाताने वाकवून जागेवर बसवली आणि एक थेंब गळला नाही, त्या दिवसापासून ती गाडी तिची होती. आयुष्यात इतकं काही तिला कधी हवंसं वाटलं नव्हतं, आणि हे तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

आज स्टीअरिंग पास झालं. पुढच्या चाकांच्या वरच्या दांड्यांवरचे वॉशर पुढून काढून मागे घातले होते, दोन्ही बाजूंना दोन दोन, आणि आज चाकं शहाण्या घोड्यासारखी सरळ झाली. हेझलने श्वास सोडला. तेवढ्यात मिस्टर ऑग्डनचा गोळा डॅशबोर्डवर डाव्या सीटसमोर टेकला आणि तिथेच थांबला.

"ही मूठ कसली?" त्यांनी क्लाइव्हला विचारलं. सगळे क्लाइव्हलाच विचारायचे.

"तिला विचारा," क्लाइव्ह चाकांच्या खुर्चीतून म्हणाला. "दोन वर्षांत मी एक स्क्रूही फिरवलेला नाही."

"ती धरून याला आत बसता यावं म्हणून," हेझल म्हणाली. "मागच्या खेपेनंतर लावली. सांगाड्याला वेल्ड केलीय, याचा भार पेलायला हवा ना."

"पेलेल हो. पण पट्टी कापून केलीत, कड धारदार राहिलीय." त्यांनी कडेवरून बोट फिरवून दाखवलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, फक्त त्यांना अडीच म्हणजे अडीच लागायचे. "बाकी सगळं ठीक आहे, मॅडम. मी जेवून दीड वाजता येतो. तोवर काही करता आलं तर बघा. नाहीतर मला नापास लिहावं लागेल."

हेझलला स्वतःचाच राग आला. सगळ्या गाडीच्या कडा घासल्या, नटांना टोप्या घातल्या, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात प्रेमाने लावलेल्या वस्तूचीच कड राहिली.

ट्रेव्हर क्लबातला जुना गडी, आवाज मोठा, मन फार वाईट नाही. तो हात चोळत आला. "अगं, त्यात काय! व्हॅनमध्ये ग्राइंडर आहे. चार मिनिटांत कापून टाकतो."

"आणि परत?"

"परत घरी जाऊन लाव. सगळे तेच करतात. तपासणीपुरतं रबर चिकटवायचं आणि संध्याकाळी ओरबाडून काढायचं. माझ्या तिन्ही गाड्या अशाच पास झाल्यात."

"काप म्हणावं," क्लाइव्ह म्हणाला. "मला काय, ट्रेव्हर उचलून ठेवेल."

"ठेवेन की. बटाट्याचं पोतं!" ट्रेव्हर हसला. क्लाइव्हही हसला, पण खाली बघून.

मागच्या दोन्ही खेपांना असंच झालं होतं. ट्रेव्हरने त्याला काखेत धरून व्हॅनच्या सीटवर टाकलं होतं आणि घरी पोचेपर्यंत क्लाइव्ह खिडकीबाहेर तोंड करून बसला होता. या गाडीत तरी तसं होऊ नये म्हणूनच हेझलने ती मूठ केली होती.

"ग्राइंडर राहू दे," ती म्हणाली. "तुझ्याकडे इंधनाची रबरी नळी आहे ना? वीतभर दे."

"हेझल, चाळीस मिनिटं आहेत फक्त."

"मग तू सदतीस बडबडू नकोस."

तिने डावी सीट उपसून काढली. सीटचं लाल कातडं तिनेच शिवलेलं होतं, आणि कारखान्यातल्या सवयीने खाली दुमडून हातभर जादा ठेवलेलं होतं. उद्या फाटलं तर ठिगळ दुसऱ्या रंगाचं नको. ते तिने कापलं. नळी उभी चिरून धारेवर बसवली, गोंद लावला, वर कातडं ओढलं. दाभण आणि मेण लावलेला दोरा तिच्या पर्समध्ये कायम असायचा, जसा इतर बायकांच्या पर्समध्ये कंगवा.

"डावीकडे ओढ," क्लाइव्ह सवयीने म्हणाला.

"यंत्रं तुझी, शिवण माझी. गप्प बस आणि सँडविच खा."

त्याने खरंच सँडविच खाल्लं. ट्रेव्हरने न सांगता तिच्यासाठी टॉर्च धरला. बोटात दोनदा दाभण घुसलं. तिने बोट पँटला पुसलं आणि पुढचा टाका घातला. लाल कातड्यावर रक्त दिसलंही नाही.

दीड वाजता मिस्टर ऑग्डन आले. गोळा टेकवला. मग मूठ धरून हलवली, पिळली, अंगठ्याने शिवण सरकवून पाहिली. शिवण जागची हलली नाही.

"हे घरी जाऊन काढणार?" त्यांनी विचारलं.

"ते राहणार," हेझल म्हणाली.

त्यांनी पास झाल्याच्या कागदावर सही केली आणि तो तिच्या हातात दिला. क्लाइव्हच्या नाही, तिच्या.

ट्रेव्हर ट्रेलरची फळी खाली करू लागला. "चला, चढवू या. घरापर्यंत मीच सोडतो, पैसे नकोत."

"तपासणीहून घरी जायला नंबरप्लेट लागत नाही," हेझल म्हणाली. "विमा काढलाय मी. चालवत नेणार."

"कधी काढलास?" क्लाइव्हने विचारलं.

"सोमवारी." मग ती म्हणाली, "गाडी मला हवीय, क्लाइव्ह. तुझ्यासाठी नाही. मला."

ट्रेव्हर सवयीने क्लाइव्हच्या काखेत हात घालायला वाकला, तसा क्लाइव्हने तो हात बाजूला सारला. खुर्ची गाडीला लावून घेतली. डाव्या हाताने लाल मूठ धरली, दात दाबले आणि स्वतःला ओढलं. एकदा घसरला. हेझल जागची हलली नाही. दुसऱ्यांदा तो सीटवर बसला, धापा टाकत, घामाघूम.

"इंजिन चालू कर की," तो म्हणाला. "बघतेस काय?"

हेझलने गाडी काढली. मागून ट्रेव्हरच्या व्हॅनचा रिकामा ट्रेलर खडखडत येत होता.