वाकल्याशिवाय न दिसणारी कमान

बेरिलचा पूल मोडला नव्हता, कापला होता. हे नेव्हिल ॲस्टिलला ठाऊक होतं आणि रेमंड टॉपलिसला ठाऊक होतं. क्लबातल्या बाकीच्यांची समजूत होती, की प्रदर्शनाला नेताना गाडीत त्याचा एक तुकडा पडला.

पूल एवढासा, हातभर लांब, तीन कमानींचा. अंड्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा नखाएवढा कातरून बेरिलनं त्याचे अकराशे दगड केले होते आणि एकेक दगड तीन वेगळ्या करड्या रंगांत रंगवला होता. खालची दरी, पडका मठ, चहाचा चोथा वाळवून पसरलेली रानातली पानगळ, हे नेव्हिलचं काम. नॉटिंगहॅमजवळच्या त्या गावात दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये हा क्लब भरे आणि बोटाएवढ्या रंगीत मोहऱ्यांची सैन्यं टेबलांवर लढत. बुटके, राक्षस, थडग्यातून उठलेले राजे. आणि ती लढत ती बहुतेक या नवराबायकोनं बनवलेल्या डोंगरदऱ्यांत. नेव्हिल स्वतः कधी खेळला नाही. चार माणसांसमोर फासा टाकायचीही त्याला लाज वाटे.

गेल्या वर्षी मोठ्या प्रदर्शनाच्या आठवड्यात बेरिल हॉस्पिटलात होती. क्लबचा अध्यक्ष टॉपलिस आपण होऊन दारात आला.

"तू तिच्यापाशी बस, राजा. हे दरी-पुलाचं टेबल मी नेतो. पाटीवर तुम्हा दोघांची नावं घालतो. काळजीच नको."

टेबलाला पहिलं बक्षीस मिळालं. मासिकात फोटो आला. फोटोत टॉपलिस होता, त्याच्या हातात कप होता, खाली त्याच्या एकट्याचं नाव होतं, आणि पुलाला दोनच कमानी होत्या.

बेरिलनं मासिक उशीला टेकवून बराच वेळ पाहिलं.

"पुलाला काय झालं रे?"

"फोटोत मावला नसेल," नेव्हिल म्हणाला.

"हं," ती म्हणाली. तो खोटं बोलला की तिला कळायचं. नावाबद्दल तिनं विचारलंच नाही. त्यानंतर अकराव्या दिवशी ती गेली.

तिसरी कमान नेव्हिलला हॉलमागच्या कचऱ्याच्या डब्यात सापडली. कड सरळ होती आणि तिच्यावर करवतीच्या दातांचे ओरखडे होते. डिकीत टेबल बसेना, म्हणून वीतभर पूल कापून टाकला, एवढंच. त्यानं ती घरी नेऊन बिस्किटांच्या डब्यात ठेवली. टॉपलिसला सुनवायची वाक्यं तो आंघोळ करताना पाठ करी. पण टॉपलिस समोर आला, की त्याच्या तोंडून निघे, "चहा घेणार?"

शेवटी त्यानं ठरवलं, की तोंडाला जमत नाही ते हातांनी करायचं.

टॉपलिस वाकत नसे, यावर सगळी मदार होती. तोफेला समोरचा मोहरा दिसतो का, असा वाद निघाला की क्लबात एकच नियम होता. टेबलावर गाल टेकवायचा आणि मोहऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहायचं. दिसला तर गोळा सुटतो, नाहीतर नाही. टॉपलिसचं पोट मोठं आणि तोरा त्याहून मोठा. तो उभ्याउभ्याच हात झटकून म्हणे, "भिंत आहे मध्ये. नाही दिसत. चला पुढं!" अध्यक्षच म्हणतोय म्हटल्यावर लोक मान डोलवत. नऊ वर्षं त्याचा मांत्रिकाचा मोहरा डाव्या कोपऱ्यातल्या सगळ्यात उंच भिंतीआड सुखरूप उभा राहून त्याला सामने जिंकून देत होता.

ऑक्टोबरच्या वार्षिक सामन्यासाठी नेव्हिलनं नवं टेबल करायला घेतलं. डाव्या कोपऱ्यात पडका किल्ला उभारला. एकीमागं एक तीन भिंती, एकमेकींना तिरप्या. शेवटच्या भिंतीआड फरशीत एक चौकोनी खाच ठेवली, टॉपलिसच्या मांत्रिकाच्या बैठकीच्या बरोब्बर मापाची. समोरच्या टोकाला टेकडी केली. तिचा माथा एका तोफेपुरता सपाट ठेवला, बाकी सगळा उतार. मग माथ्यापासून खाचेपर्यंत दोरा ताणला आणि त्याच्या रेषेत बेरिलच्या विणायच्या सुईनं पहिल्या आणि तिसऱ्या भिंतीच्या थर्माकोलमध्ये खिडक्या कोरल्या. मधल्या भिंतीत बेरिलची कमान बसवली. कापलेली कड टेकडीच्या बाजूला येऊ दिली आणि तिला रंग लावला नाही. वरून सुक्या पाल्याच्या वेली सोडल्या. उभ्या माणसाला नुसत्या भिंती दिसत होत्या.

ही लबाडी तर नाही ना, असं ब्रश धुताना त्याला वाटून गेलं. त्यावर तो दोन दिवस अडून राहिला. पण खिडक्या सगळ्यांसाठी होत्या. जो वाकेल त्याला दिसणार होतं.

सामन्याला तीसेक माणसं जमली. टॉपलिससमोर जॅनेट विडोसन होती, बुटक्यांचं सैन्य घेऊन. बाईनं तीस वर्षं बस चालवली होती आणि आवाज अजून बसच्या मागच्या सीटपर्यंत पोचेल असा होता.

"वा, नेव्हिल!" टॉपलिस म्हणाला. "बायको गेली तरी हात चालतोय की तुझा!"

त्यानं मांत्रिक भिंतीआड ठेवला. तो खाचेत टक्कन बसला.

"बघा, माझ्यासाठीच केल्यासारखं!"

"हो," नेव्हिल म्हणाला.

जॅनेटनं तोफ उतारावर ठेवून पाहिली. "घसरतेय मेली," म्हणत तिनं ती माथ्यावर चढवली. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "आता मांत्रिकावर गोळा."

"चष्मा बदल, जॅनेट. तीन भिंती आहेत मध्ये. चला पुढं!"

"बरं बाबा. मग तुझ्या सांगाड्यांवर मारते."

तिनं फासा उचलला. वर्षभराचं काम आता एका बाईच्या मुठीत खुळखुळत होतं आणि क्षणात वाया जाणार होतं.

"नियम आहे," तो म्हणाला. आवाज चिरका निघाला. सगळे वळले. "वाकून पाहायचं. नियम आहे."

जॅनेटनं खांदे उडवले आणि गाल टेबलावर टेकवला.

"अगं बाई! दिसतोय की! दाढीसकट दिसतोय!"

"खोटं," टॉपलिस म्हणाला.

"मग तूच बघ," नेव्हिल म्हणाला.

"माझे गुडघे दुखतात."

"गुडघ्यांचा नियम नाहीये, रेमंड," जॅनेट म्हणाली. "नाही बघितलंस, तर माझा गोळा सुटला."

लोक हसले. ते हसणंच त्याला झोंबलं. तो टेकडीच्या बाजूला गेला, टेबलाची कड धरून एक गुडघा टेकवला, मग धापा टाकत दुसरा, आणि लाल झालेला गाल टेबलावर ठेवला.

नेव्हिल त्याच्या शेजारी वाकला. टॉपलिसला काय दिसतंय हे त्याला न पाहताही माहीत होतं. एक खिडकी. तिच्यातून करवतीचे दात उमटलेली पांढरी कड. कमानीच्या पोटातून पलीकडची खिडकी, आणि तिच्यात दाढीवाला मांत्रिक.

"मधली ओळखलीस?"

टॉपलिसची मान मागून लाल होत गेली.

"कोणी केली ती?"

"नेव्हिल, इथं नको. बाहेर बोलू आपण."

"इथंच."

"...बेरिलनं."

"मोठ्यानं. मागच्यांना ऐकू आलं नाही."

"बेरिलनं केली!" टॉपलिस म्हणाला. "ते टेबलच तुमचं होतं, सगळं. पूल मी कापला. डिकीत बसेना. झालं?"

कुणीतरी हातातला कप खाली ठेवला. उठायला म्हणून टॉपलिसनं हात वर केला. हात नेव्हिलच्या अगदी पुढ्यात होता, जाडजूड, थरथरणारा. बेरिलचाही शेवटी असाच थरथरत असे. नेव्हिलनं तो नीट पाहिला आणि स्वतःचे हात पाठीमागं घेतले. त्याला बरं वाटलं. किती बरं वाटतंय, याचीच थोडी भीती वाटली. पण हात त्यानं पुढं केले नाहीत.

"जॅनेट," तो म्हणाला, हॉलमधल्या तिसाही माणसांना ऐकू जाईल असं. "तुझा फासा राहिलाय."

तिनं एकदा टॉपलिसकडं आणि एकदा नेव्हिलकडं पाहिलं, आणि फासा टाकला. मांत्रिक फरशीवर आडवा झाला. टॉपलिस अजून गुडघ्यांवरच होता.