कपड्यांखाली गेलेली खुर्ची

“खुर्चीवर कपड्यांचा ढीग दिसला, की मालकाच्या कंबरेचं काही खरं नाही,” माझा निखळलेला पाय बसवताना सुतारकाका म्हणाले होते. मी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

मित्रांनो, मी विद्यापीठाच्या वसतिगृहातली एक जुनी लाकडी खुर्ची आहे. माझी पाठ सरळ आणि हात रुंद आहेत. माझ्यावर बसून कितीतरी मुली शिकल्या, नोकरीला लागल्या. एकीने तर जाताना मला पुसून “येते हं” म्हटलं होतं.

मग ही आली. रसायनशास्त्र शिकणारी, उंच, म्हणून खोलीतली मैत्रीण तिला ‘शिडी’ म्हणायची. पहिल्याच आठवड्यात तिने माझ्यावर ओला टॉवेल टाकला. त्यावर ओढणी, स्वेटर, मग धुतलेले-न धुतलेले सगळे एकत्र. “रविवारी घड्या घालते,” ती म्हणायची. तो रविवार काही उगवला नाही. ती पलंगावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन, पाच-पाच तास वाकून बसायची. खरं सांगते, मला बरंच वाटलं. कपड्यांचं ओझं ते काय! माझे सांधे कुरकुरायचे थांबले.

मग तिची कंबर कुरकुरू लागली. मोजे घालताना ती भिंतीला टेकायची.

“शिडी, वीस वर्षांची आहेस की ऐंशीची?” मैत्रीण हसली. तीही हसली.

आईचा फोन आला. “काय करतेयस?”

“आडवी पडलेय गं.”

“बरं झालं. जरा आराम कर.”

बसवत नाही म्हणून आडवी पडलेय, हे तिने सांगितलं नाही. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली होती. तीन तास उभं राहायचं होतं.

परीक्षेच्या दिवशी मैत्रीण तिला दवाखान्यातून धरून खोलीत घेऊन आली. दुसऱ्याच तासाला कंबरेतून पायात कळ गेली होती. प्रयोग अर्धाच राहिला होता.

“डॉक्टर विचारतात किती दिवस दुखतंय, तर ही म्हणते चार महिने! अगं, एका खोलीत राहतो ना आपण?”

“वाटलं, परीक्षा झाली की थांबेल.”

मैत्रिणीने माझ्यावरचे कपडे दोन्ही हातांनी उचलले आणि जमिनीवर आपटले.

आता शिडी माझ्यावर बसते. लॅपटॉपखाली जाड पुस्तकं असतात. अर्ध्या तासाने उठून ती खोलीत चार फेऱ्या मारते. बरी होतेय, पण पाण्याची बादली अजून मैत्रीणच उचलते. परीक्षा सहा महिन्यांनी पुन्हा द्यायची आहे.

मित्रांनो, तुमची ताई किंवा दादा शिकत असेल, तर आज त्यांच्या खोलीत डोकावा. ते कुठे बसलेत, कसे उठतात, नीट बघा. दुखतंय का, तेही विचारा. “काही नाही रे, जा खेळायला,” असं उत्तर येईल. खेळायला नंतर जा. आधी आईला सांगा.