रांगेत रडणारी बाई

ताडकळसच्या बाहेर, सोयाबीन काढलेल्या रानात हजारभर माणसं बसली होती. मंडपात महाराज डोळे मिटून एकेकाच्या मनातलं बोलत होते. "दिरानं तुझा बांध कोरला." "पोरगा घर सोडून गेला." ऐकणारा थेट पायावर कोसळायचा.

चौदा वर्षं मी परभणीच्या एका दैनिकात धर्माचं पान सांभाळते. महाराजांचं बिंग फोडायलाच गेले होते. माझी पाळी आली तसे ते हळूच म्हणाले, "तुला दिस गेलेत. नवऱ्यालाबी सांगितलं न्हाईस. आधीचे दोन टिकले न्हाईत म्हणून भ्यायलीस. माझ्याबद्दल वाईट छापलंस, तर हेबी टिकणार न्हाई."

सगळं खरं होतं.

बातमी न लिहिताच घरी आले. पोटात जरा कळ आली की घाम फुटायचा. चार दिवस जेवण गेलं नाही. शेवटी राजेश्रीला सांगितलं. ती माझी शाळेतली मैत्रीण, आता नर्स.

"हे कुणाला बोलली होतीस?"

"कुणालाच नाही."

"नीट आठव. तिथं रांगेत?"

मग आठवलं. शेजारची बाई रडत होती. तीनदा पोट पडलं, म्हणाली. तिला धीर द्यायला मी माझंही सांगितलं, पेपरात आहे हेही. मग ती पाणी प्यायला उठली, ती परत आलीच नाही.

पुढच्या गुरुवारी राजेश्री रांगेत बसली. मी तोंडाला स्कार्फ बांधून मागं. तीच बाई, तेच हुंदके. राजेश्री म्हणाली, "माझं लेकरू गंगाखेडला गोदावरीत बुडालं." बाई उठली आणि मंडपामागं गेली.

तासाभरानं महाराज बोलले, "गोदामायनं तुझं लेकरू नेलं."

"माझं लग्नच झालं न्हाई, महाराज," राजेश्री शांतपणे म्हणाली. "ते खोटं मी फक्त त्या बाईला सांगितलं होतं."

मागून एक म्हातारी म्हणाली, "मीबी तिलाच सांगितलं होतं." मग आणखी एक. महाराज उठून आत गेले.

त्या रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं आणि बातमी लिहिली, माझ्या नावानिशी. अजूनही कळ आली की जीव दचकतो. पण कुणी तुमच्या मनातलं बोललं, तर पाया पडण्याआधी आठवा, आपण ते कुणाजवळ बोललो होतो. माझं बाळ राहील की नाही, मला माहीत नाही. महाराजालाही माहीत नाही.